गाठ काढल्यावर हाड परत कसं यायचं?

कोल्हापुरात शाळकरी पोराचा गुडघा दुखायला लागला की कारण शोधत बसावं लागत नाही. पेठेतला असेल तर फुटबॉल, तालमीत जाणारा असेल तर कुस्ती, खेड्यातला असेल तर सायकलवरून पडला असेल. "मुका मार लागलाय, चोळून घे, आठ दिवसांत कमी येईल," असं घरातलं कुणीतरी सांगतं आणि बहुतेक वेळा तसंच होतं. फार थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र तसं होत नाही. खेळ बंद केला तरी दुखणं थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं. गुडघ्याच्या जरा वर सूज येते, हाताला टणक लागते आणि महिन्याभरात वाढते. मग एक्स-रे निघतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी हाडाची कड तुटलेली दिसते, आतली वीण विस्कटलेली असते आणि बाजूच्या मऊ भागात किरणांसारख्या पांढऱ्या रेषा पसरलेल्या असतात. डॉक्टर आवाज खाली आणून म्हणतात, "वेळ घालवू नका, टाटाला दाखवा."

ही बहुधा ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या एका कर्करोगाची, सुरुवात असते. नवं हाड तयार करणाऱ्या पेशीच बेबंद होतात आणि कच्चं, वेडंवाकडं हाड घालत सुटतात. हा आजार प्रामुख्याने दहा ते वीस या वयातला, कारण याच वर्षांत हाडं झपाट्याने वाढतात. त्यातही मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक या वाढीच्या जागा त्याच्या आवडत्या. मार लागल्यामुळे ही गाठ होत नाही. मार लागल्यावर तिकडे लक्ष जातं, एवढंच. आजार दुर्मीळ आहे. जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला तीन-चार रुग्ण सापडतात. पण ज्या घरात तो येतो त्या घराला या आकड्याने कसला दिलासा मिळणार?

हाडाच्या गाठींमध्ये आणखी एक गाठ आपल्याकडे बरीच आढळते, जायंट सेल ट्यूमर. ती वीस ते चाळीस वयाच्या माणसांना होते. ती सहसा कर्करोगात मोडत नाही, पण सांध्याजवळचं हाड आतून पोखरून टाकते आणि नीट साफ झाली नाही तर पुन्हा उगवते. या दोन्ही आजारांत गाठ काढणं हे शस्त्रक्रियेचं अर्धं काम. काढल्यावर जी जागा मोकळी पडते तिचं काय करायचं, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे. त्या जागेत केवळ भराव न घालता काम करणारा पदार्थ ठेवता येईल का, म्हणजे उरलेली गाठ मारणारा आणि नवं हाड बोलावणारा, या दिशेने सध्या जगभर संशोधन चालू आहे. त्यातला एक धागा कोल्हापुरातही विणला गेला आहे.

पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया

साधारण १९७० पर्यंत ऑस्टिओसार्कोमा म्हटलं की पाय कापायचा हाच उपाय होता. पाय कापूनही पाचांपैकी चार मुलं दगावत, कारण निदान होईपर्यंत गाठीतल्या पेशी रक्तावाटे फुप्फुसात पोचलेल्या असत. केमोथेरपी आली आणि चित्र पालटलं. आता शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो देतात, आणि आजार पसरलेला नसेल तर चांगल्या केंद्रांमध्ये शंभरातली साठ ते सत्तर मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. केमोमुळे दुसरीही एक गोष्ट साधली. गाठ आटोक्यात आल्याने बहुतेक मुलांचा पाय न कापता फक्त रोगट हाड काढता येऊ लागलं.

पण "फक्त" या शब्दावर जाऊ नका. गाठीच्या भोवती निरोगी भागाची एक कड ठेवून हाड कापावं लागतं, आणि मांडीच्या हाडाचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा बाहेर येणं ही नेहमीची गोष्ट आहे. एवढी मोठी फट शरीर आपणहून भरून काढत नाही.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातली कुटुंबं अशा वेळी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडतात आणि सकाळी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नंबर लावतात. उपचार कित्येक महिने चालतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतं, कुणी नातेवाइकांकडे. टाटातले हाडांच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक हाडातली फट भरण्यासाठी मुख्यतः तीन वाटा वापरतात.

पहिली वाट धातूच्या मोठ्या सांध्याची. काढलेल्या हाडाच्या जागी टायटॅनियमसारख्या धातूचा दांडा आणि त्याला जोडलेला कृत्रिम गुडघा बसवतात. परदेशी सांधे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी देशी बनावटीचे सांधे घडवून घेतले आणि त्यामुळे हजारो घरांचा भार हलका झाला. मुलगा लवकर चालू लागतो, हा या वाटेचा मोठा फायदा. पण धातू जिवंत नाही. तो मुलाबरोबर वाढत नाही, वर्षांनुवर्षांच्या वापराने ढिला होतो, त्याला जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. बारा वर्षांच्या मुलापुढे साठ वर्षांचं आयुष्य असतं, आणि त्या मानाने धातूचं आयुष्य तोकडं पडतं.

दुसरी वाट ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. शस्त्रक्रिया चालू असताना रोगट हाडाचा तुकडा बाहेर काढतात. त्याला चिकटलेलं मांस आणि गाठीचा मऊ भाग खरवडून टाकतात. तुकडा निर्जंतुक कापडात आणि पिशव्यांत बंद करून रेडिएशन विभागात नेतात. तिथे त्याला एकाच बैठकीत ५० ग्रे इतकी किरणांची मात्रा देतात. नेहमीच्या उपचारात रुग्णाला एका दिवशी साधारण २ ग्रे देतात, यावरून ही मात्रा किती जबर आहे ते लक्षात येईल. तुकड्यातली एकही पेशी जिवंत राहत नाही, गाठीचीही नाही आणि हाडाचीही नाही. मग तोच तुकडा शस्त्रक्रियागृहात परत आणतात आणि पट्ट्या-स्क्रूंनी मूळ जागी बसवतात. मापाचा प्रश्नच उरत नाही, कारण हाड त्याच मुलाचं असतं. टाटाच्या डॉक्टरांनी या पद्धतीचे निष्कर्ष २०१२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अस्थिरोग नियतकालिकात मांडले. मेलेल्या त्या हाडावर दोन्ही टोकांकडून जिवंत हाड हळूहळू चढत जातं, पण ते जुळून यायला अनेक महिने लागतात.

तिसरी वाट दान केलेल्या हाडाची. टाटा रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ साली सुरू झाली. दात्यांकडून मिळालेलं हाड तिथे स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. जायंट सेल ट्यूमर खरवडल्यावर राहिलेली पोकळी भरायला असं हाड उपयोगी पडतं. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून वापरणं सगळ्यात उत्तम, पण ते मिळणार मूठभर, आणि काढलेल्या जागी दुखणं मागे राहतं.

तिन्ही वाटांनी मुलं चालू लागली, शाळेत परतली, हे या उपचाराचं मोठं यश आहे. उणीव अशी की तिन्हींमध्ये त्या जागेत ठेवलेली वस्तू स्वतःहून काही करत नाही. हाड यायचं तर शरीराने आणायचं, आणि चुकून राहिलेली गाठीची पेशी मारायची तर केमोने मारायची.

हाडाला ओळखीची वाटणारी काच

हाड हा शरीरातला अत्यंत कामसू अवयव आहे. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा, मुख्यतः हायड्रॉक्सीअपेटाइटचा असतो. हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं संयुग. उरलेल्यात मुख्यत्वे कोलॅजन हे प्रथिन. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खात असतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवं घालत असतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. मोडलेलं हाड जुळतं ते याच कामामुळे. अडचण येते ती फट मोठी असली की. पेशींना पाय ठेवायला आधार नसतो, रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट नसते.

असा आधार बाहेरून देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत ड्रेसमान यांनी १८९२ मध्ये हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या होत्या, आणि १९२० मध्ये अमेरिकेत आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिलं. पण खरी कलाटणी मिळाली ती एका काचेमुळे.

१९६७ साली लॅरी हेंच हे फ्लोरिडा विद्यापीठातले काच आणि सिरॅमिक पदार्थांचे अभ्यासक एका लष्करी परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनाममधून परतलेला एक कर्नल होता. त्याने विचारलं, की धातू आणि प्लास्टिक शरीर नाकारतं म्हणून जवानांचे हातपाय कापावे लागतात, तर शरीर स्वीकारेल असा पदार्थ तुम्हाला बनवता येईल का? हेंच यांचा तर्क सरळ होता. हाडातलं खनिज हायड्रॉक्सीअपेटाइट आहे, तेव्हा ज्या पदार्थावर शरीरात गेल्यावर त्याच खनिजाचा थर चढेल, तो शरीर परका मानणार नाही. १९६९ मध्ये त्यांनी एक काच ओतली. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. या काचेचे छोटे तुकडे शल्यचिकित्सक टेड ग्रीनली यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते बाहेर काढायला गेले तर तुकडे निघेनात. ढकलून, ओढून पाहिलं तरी हाड आणि काच एकमेकांना सोडायला तयार नव्हते.

असं का घडलं? खिडकीच्या काचेत सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, त्यामुळे ती पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहते. हेंच यांच्या काचेत सिलिका कमी आणि सोडियम-कॅल्शियम भरपूर, म्हणून शरीरातल्या द्रवात ती लगेच काम सुरू करते. काचेतलं सोडियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी द्रवातले हायड्रोजन आयन आत येतात. पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर तयार होतो. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन बसतात, आधी अस्ताव्यस्त, मग स्फटिकरूपात, आणि हाडातल्या खनिजाशी मिळताजुळता अपेटाइटचा थर चढतो. शरीरातलं कोलॅजन त्या थरात गुंततं आणि हाड घालणाऱ्या पेशी तिथे मुक्काम करतात. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट कळली. काचेतून झिरपणारे सिलिकॉन आणि कॅल्शियम या पेशींमधल्या हाडनिर्मितीच्या जनुकांना चालना देतात. म्हणजे ही काच पेशींना आधार देते आणि त्यांना कामालाही लावते. शरीराशी असं रासायनिक नातं जोडणाऱ्या पदार्थांना जैवसक्रिय पदार्थ म्हणतात.

ही काच आता दातांच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरात आहे. संवेदनशील दातांसाठी मिळणाऱ्या काही टूथपेस्टमध्येही तिचीच भुकटी असते. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या तादाशी कोकुबो यांनी १९८२ च्या सुमारास काचेपेक्षा बळकट असं जैवसक्रिय काच-सिरॅमिक तयार केलं. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सीअपेटाइट आणि जैवसक्रिय काच यांचे मिश्र सिरॅमिक पदार्थ विकसित केले.

कोकुबो यांनी आणखी एक सोय करून ठेवली. रक्तातल्या द्रवात जे क्षार ज्या प्रमाणात असतात ते त्याच प्रमाणात मिसळून त्यांनी एक कृत्रिम द्रव तयार केला. नवा पदार्थ त्या द्रवात ३६.५ अंशांना ठेवायचा आणि काही दिवसांनी त्याचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अपेटाइटचे कण उगवलेले दिसले तर पदार्थ पुढच्या चाचणीला नेण्याजोगा आहे असं समजायचं. लहान प्रयोगशाळांनाही या क्षेत्रात उतरता आलं त्याचं मोठं कारण ही चाचणी आहे.

वाढवायचं आणि मारायचंही

अपघातात गेलेल्या हाडाच्या जागी जैवसक्रिय पदार्थ घालणं तुलनेने सोपं. गाठ काढलेल्या जागी तोच पदार्थ घालताना डॉक्टरांना एक भीती असते. कडेला गाठीच्या दोन-चार पेशी राहिल्या असतील तर? हाड वाढवणारा संदेश त्यांनाही पोचेल. म्हणूनच हाडाची वाढ जोमाने घडवणारी प्रथिनं, ज्यांचा शोध अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये लावला, ती कर्करोगाच्या जागी वापरणं टाळतात. त्यात केमो आणि रेडिएशनने हाड जुळण्याची गतीही मंदावलेली असते. त्यामुळे या जागेसाठीच्या पदार्थाला आधी मारता यायला हवं आणि मग वाढवता यायला हवं.

मारण्याचं सगळ्यात जुनं साधन उष्णता. जायंट सेल ट्यूमर खरवडल्यावर पोकळीत पुष्कळदा हाडाचं सिमेंट भरतात. हे प्लास्टिकच्या जातीचं सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं आणि ती धग भिंतीवर राहिलेल्या पेशींना भाजून काढायला मदत करते. पण ते हाडाशी नातं जोडत नाही, कायम परकंच राहतं, आणि त्याची धग डॉक्टरांच्या हातात नसते. उष्णतेचं गणित इथे फार नाजूक आहे. गाठीच्या पेशी ४२ ते ४५ अंशांना काही काळ ठेवल्या तर मरू लागतात, पण सशांवर झालेल्या प्रयोगांत ४७ अंशांना एक मिनिट ठेवलेल्या निरोगी हाडालाही इजा झाल्याचं दिसलं. मधला पट्टा अवघ्या चार-पाच अंशांचा आहे.

हा पट्टा सांभाळण्यासाठी चुंबकीय पदार्थ पुढे आले. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही इंडक्शन भट्टी ठाऊक असते. वेटोळ्यातून उलटसुलट फिरणारी वीज सोडली की ज्वाळेशिवाय आतलं लोखंड वितळतं. शरीराबाहेर असंच वेटोळं, पण कितीतरी सौम्य, आणि शरीराच्या आत लोखंडाच्या तुकड्याऐवजी चुंबकीय खनिजाचे बारीक कण, अशी ही योजना आहे. वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटते, त्या प्रत्येक उलटण्याबरोबर कणांचं चुंबकत्व फिरतं आणि त्या ओढाताणीत कण तापतात. भोवतीच्या स्नायूंना आणि त्वचेला त्याची झळ फारशी लागत नाही.

क्योटोच्या गटाने अशा चुंबकीय काच-सिरॅमिकने सशांच्या नडगीतल्या गाठींवर उपचार करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. जपानमधल्याच मिए विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चुंबकीय लोहखनिज मिसळलेलं कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये प्रत्यक्ष वापरलं आणि २००७ मध्ये त्याचा अहवाल दिला. पोकळी भरणारा, हाडाशी जुळणारा आणि हुकमी तापणारा पदार्थ माणसाच्या हाडात घालता येतो, हे त्यातून दिसलं.

कोल्हापूरचा धागा इथे जोडला जातो. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात दीर्घकाळ संशोधन केलेले डॉ. एस. एच. पवार आणि त्यांचे विद्यार्थी यांनी डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात कर्करोगावरच्या उष्णतोपचारासाठी चुंबकीय अतिसूक्ष्म कणांवर काम केलं. डेक्स्ट्रान या शर्करेचा लेप दिलेले मॅग्नेशियम फेराइटचे कण किती आणि कसे तापतात, याचा त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या मिश्र ऑक्साइडचे कणही त्यांनी तपासले. या पदार्थाची गंमत अशी की ठरावीक तापमानाला पोचला की त्याचं चुंबकत्व जातं आणि तापणं आपोआप थांबतं. घटकांचं प्रमाण बदलून हे तापमान खाली-वर करता येतं. चार-पाच अंशांच्या त्या पट्ट्यात राहायचं असेल तर स्वतःच थांबणारा पदार्थ किती मोलाचा, हे वेगळं सांगायला नको. हे काम खास हाडाच्या गाठींसाठी केलेलं नव्हतं आणि ते प्रयोगशाळेच्या पातळीवरचं होतं. पण हाडाच्या प्रश्नाला नेमका जो घटक हवा आहे तो घडवण्याचं आणि मोजण्याचं कसब आपल्या गावात तयार झालं, ही लहान गोष्ट नाही.

शांघायच्या सिरॅमिक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चुंबकाऐवजी प्रकाश वापरला. त्यांनी त्रिमितीय छपाईने कॅल्शियम फॉस्फेटचा जाळीदार सांगाडा बनवला आणि त्यावर ग्रॅफीन ऑक्साइडचा थर दिला. डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश पडला की तो काळा थर तापतो आणि गाठीच्या पेशी मरतात. प्रकाश थांबवला की तोच सांगाडा हाड वाढवायच्या कामाला लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात उंदरांमध्ये गाठी आटल्या आणि सशांमध्ये हाड भरून आलं. हा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, त्यामुळे मांडीच्या जाड स्नायूंखालच्या हाडापर्यंत तो पोचवणं अवघड आहे. नडगीसारख्या त्वचेलगतच्या हाडासाठी मात्र ही वाट विचारात घेण्याजोगी आहे.

अलीकडची वाट गॅलियमची. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठात रिचर्ड मार्टिन यांच्या गटाने जैवसक्रिय काचेत गॅलियम हा धातू मिसळला. भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना लोहाची प्रचंड गरज असते, आणि गॅलियमचा आयन आकाराने व विद्युतभाराने लोहासारखाच असतो. लोह समजून पेशी तो आत घेतात. पण लोह पेशीत जी कामं करतं ती गॅलियमला जमत नाहीत, डीएनएचे घटक बनवणारं यंत्रच अडकतं आणि पेशी मरते. निरोगी पेशींची लोहाची भूक कमी असल्याने त्या बऱ्याच अंशी बचावतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या ९९ टक्के पेशी या काचेने मारल्या आणि निरोगी हाडपेशी टिकल्या. शरीरासारख्या द्रवात ठेवल्यावर काचेवर हाडाच्या खनिजाची सुरुवातही दिसली. ना चुंबक, ना प्रकाश. काच विरघळत जाते आणि औषध तिच्यातूनच झिरपतं.

काचेच्या भांड्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

९९ टक्के हा आकडा वाचून कुणाच्याही मनात आशा जागते. तरी हे ध्यानात घ्यायला हवं की तो काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींचा आकडा आहे. ज्या घरात हा आजार आज आहे, त्यांनी अशा बातमीवर विसंबून केमो किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागेल.

पुढच्या अडचणी खऱ्याखुऱ्या आहेत. पहिली ताकदीची. काच आणि सिरॅमिक दाब सोसतात, पण वाकवलं की तुटतात. धावणाऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, तो एकट्या काचेला पेलणार नाही. म्हणून पहिला उपयोग बहुधा खरवडलेल्या पोकळ्या भरण्यासाठी, किंवा धातूच्या पट्टीच्या आधाराने होईल. दुसरी अडचण छिद्रांची. रक्तवाहिन्या आत शिरायच्या तर छिद्रं निदान ०.१ मिलिमीटरची हवीत, ०.३ मिलिमीटरची असली तर उत्तम. पण छिद्रं जितकी जास्त तितका सांगाडा कमकुवत. तिसरी वेळेची. पदार्थ हाड येण्याआधी विरघळला तर पोकळी पुन्हा उघडी पडते, विरघळलाच नाही तर नव्या हाडाला जागा मिळत नाही. चौथी, आणि सगळ्यात मोठी, पुराव्याची. गाठ पुन्हा उगवली नाही हे सिद्ध करायला रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, आणि आजार दुर्मीळ असल्याने पुरेसे रुग्ण एका ठिकाणी मिळत नाहीत. भारतात शरीरात बसवायच्या वस्तूंना २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवानगी घ्यावी लागते. ही चाळणी कडक आहे आणि ती तशीच असायला हवी.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर सगळे दुवे हाताशी आहेत, ते एकमेकांना जोडलेले मात्र नाहीत. चुंबकीय कण बनवणारे संशोधक कोल्हापुरात आहेत, धातूचं मापात काम करणारे कारखाने आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि हाडांच्या कर्करोगाचा देशातल्या सर्वांत मोठ्या अनुभवांपैकी एक अनुभव एका रात्रीच्या प्रवासावर परळला आहे. पीएच.डी.चा प्रबंध कपाटात गेला की विषय संपला, असं होऊ नये. कणांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी शस्त्रक्रियागृहात उभं राहून ती पोकळी पाहावी. तिचा आकार, तिच्यातला रक्तस्राव, सर्जनला ती भरायला मिळणारी मिनिटं, या गोष्टी कुठल्याही शोधनिबंधात सापडत नाहीत, आणि पदार्थ चालणार की नाही हे त्यांच्यावरच ठरतं.

आज हातात असलेलं

नवे पदार्थ येतील तेव्हा येतील. तोवर काही गोष्टी प्रत्येक घराला, प्रत्येक तालमीच्या वस्तादांना आणि प्रत्येक खेळाच्या शिक्षकाला माहीत असायला हव्यात. वाढत्या वयाच्या मुलाचं हाड दोन-तीन आठवड्यांच्या वर दुखत असेल, विश्रांतीत किंवा रात्री दुखत असेल, किंवा सूज वाढत असेल तर आधी एक्स-रे काढावा, आणि तोवर ती जागा अजिबात चोळू नये. गाठ असेल तर मालीशने ती बरी होणार नाही, उलट नुकसानच होईल. एक्स-रे संशयास्पद निघाला तर गाठीला हात लावण्याआधी मोठ्या केंद्राचा सल्ला घ्यावा. बायोप्सी कुठून घ्यायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावं, कारण सुई किंवा सुरी ज्या वाटेने आत जाते ती वाटही नंतर गाठीबरोबर काढून टाकावी लागते. चुकीच्या जागी घेतलेल्या बायोप्सीमुळे वाचू शकणारा पाय कापावा लागू शकतो. पैशांच्या धास्तीने कुणी थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे आणि रुग्णालयातले आरोग्यमित्र त्याची माहिती देतात.

आणि ही दक्षता नव्या पदार्थांच्या काळातही कमी महत्त्वाची होणार नाही. काच कितीही हुशार झाली, कण कितीही नेमके तापले, तरी ते काम करणार सर्जनने मोकळ्या केलेल्या जागेत. गाठ लहान असताना हाती लागली तर कमी हाड काढावं लागतं, सांधा वाचण्याची शक्यता वाढते, आणि शरीराला जे हाड पुन्हा घडवायचं आहे ते त्याच्या आवाक्यात राहतं.